पाचवारीचा ठराव

आमच्या सिडकोतल्या बायकांचं एक भजनी मंडळ आहे. भजन अर्धा तास चालतं, बाकीचा वेळ गावच्या उचापती. गेल्या महिन्यात तिथं नवा विषय निघाला. बीड बायपासच्या लॉनवर लग्नाला गेलं की दारात दोन्ही बाजूंना मुली उभ्या असतात, गुलाबपाणी शिंपडायला आणि हातावर पेढा ठेवायला. कुठल्यातरी एजन्सीनं रोजावर आणलेल्या मुली. बिनबाह्यांचा ब्लाउज, पाठीवर नुसत्या नाड्या, घागरा बेंबीच्या खाली. मंडळाचं म्हणणं असं पडलं की महापालिकेनं लॉनवाल्याला परवानगी देतानाच अट घालावी: कामाच्या मुलींनी अंगभर कपडे घातले पाहिजेत. अर्ज द्यायचं ठरलं आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. मी जन्मभर नगरपालिकेत कारकुनी केली हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"वहिनी, तुम्हीच लिहा. तुमच्या हाताला वळण आहे," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

मी नाही म्हणाले. चष्म्याचा नंबर वाढलाय, असं काहीतरी पुटपुटले. त्यांना राग आला. मलाही आला, पण माझा राग कुणावर होता ते त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. असला अर्ज मी एकदा लिहिलेला आहे. तो मंजूरही झाला होता.

नोकरी केली ते गाव याच जिल्ह्यातलं, औरंगाबादहून एसटीनं दीड तासावर. नाव लिहीत नाही, कारण गावाचा त्यात काही दोष नव्हता. निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन वीसेक वर्षं उलटली होती, तरी आमच्या नगरपालिकेतले निम्मे कारकून उर्दूत शिकलेले. बोलायला मराठी फर्डी, पण 'उपरोक्त विषयास अनुसरून' आलं की त्यांच्या पेनातली शाई वाळायची. मी मॅट्रिक झालेली, ऑफिसातली एकुलती एक बाई, आरोग्य विभागाच्या टेबलावर. होता होता सगळ्यांचे मसुदे माझ्याकडं यायला लागले. टिपणी असो, ठराव असो, नोटीस असो, अक्षर माझं आणि भाषा माझी. मुख्याधिकारी नुसती सही करायचे. याचा मला केवढा गर्व होता म्हणून सांगू. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, ती मी.

आमचे हे तिथल्याच हायस्कूलवर मास्तर होते. घर भाड्याचं, पुढं ओटा. ओट्याच्या खांबाला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला ह्यांचा दाढीचा आरसा. रोज सकाळी साडेसहाला हे पाट टाकून दाढीला बसायचे आणि त्याच सुमाराला आमची गल्ली झाडायला ती यायची.

ती माझ्याच वयाची, पंचविशीतली. नगरपालिकेची रोजंदारीवरची सफाई कामगार. देखणी होती असं नाही. उंच होती, काळी, चटपटीत. नऊवारी लुगडं, मागं घट्ट कासोटा, आणि कामाला लागली की लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेलं. पोटरीवर गोंदण होतं, तुळशीचं. चोळी जुनी, पाठीला उसवलेली. गटारीतला गाळ फावड्यानं काढून हातगाडीत टाकायची, ती गाडी लोटत गल्लीच्या टोकाला न्यायची. हे सगळं घोटाभर पाण्यात उभं राहून. तिला प्यायला पाणी लागलं तर सासूबाई तांब्या वर धरून तिच्या ओंजळीत ओतायच्या. मीही तसंच ओतायचे. शिकलेली, नोकरी करणारी, आणि तांब्या वीतभर वर. त्याची लाज मला त्या वेळी वाटली नाही. ती पुष्कळ उशिरा वाटायला लागली आणि आता जाता जात नाही.

पाणी पिऊन झालं की ती हटकून विचारायची, "बाई, तुमी हापिसात असता. कायम करायची यादी कवा निघायची?"

"या वर्षी निघेल," मी सांगायचे. "तुझं नाव आहे."

"नाव हाय नव्हं? मंग झालं. कायम झालं की मुकादमाच्या पाया पडाया नको."

तिचं नाव यादीत होतं. यादी माझ्याच टेबलावर तयार होत होती. वर्षभर कामात खंड पडता कामा नये, एवढीच अट. तिच्या घरी रांगती मुलगी होती, नवरा कुठं तरी निघून गेलेला. कायम होणं म्हणजे तिच्या दृष्टीनं काय होतं हे मला चांगलं माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

एका सकाळी मी चहाचा कप घेऊन ओट्यावर आले. ह्यांच्या गालावर साबण तसाच वाळत होता आणि वस्तरा हातात थांबलेला. मी मागून आरशात पाहिलं. आरशात ह्यांचा चेहरा नव्हताच. आरसा खिळ्यावर तिरका लावला होता आणि त्यात रस्ता दिसत होता, गटार दिसत होती आणि गटारीत वाकलेली ती. मी कप खाली ठेवला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिलं, आरसा तसाच. तिसऱ्या दिवशीही तसाच.

लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं, त्यावरून सासूबाईंचे टोमणे रोजचे. आणि मी नवीन पातळ नेसले तरी ह्यांना कळायचं नाही. हे सगळं सांगते ते सबब म्हणून नाही. मला हेवा वाटला, एवढंच खरं. गटारीत उभ्या असलेल्या बाईचा मला हेवा वाटला. नवऱ्याला दोन शब्द सुनवायची माझी छाती नव्हती. तिला काही बोलले असते तर आपण कशामुळं बोलतोय ते कळलं असतं, म्हणून तिलाही बोलले नाही. मी कारकून होते. कारकुनाला जे येतं ते मी केलं, अर्ज लिहिला.

'आम्ही खाली सह्या करणार रहिवासी महिला विनंती करतो की...' अशी सुरुवात. सफाई कामगार स्त्रिया अत्यंत तोकड्या वेषात, गुडघ्यापर्यंत पाय उघडे टाकून भर वस्तीत वावरतात, त्यामुळं घरातल्या मुलाबाळांच्या मनावर अनिष्ट परिणाम होतो, तरी पालिकेनं वेषाबद्दल नियम करावा. मुलाबाळांच्या मनावर! माझ्या घरात मूलच नव्हतं. संध्याकाळी मी पाच घरी फिरून सह्या घेतल्या. कुणी नाही म्हणालं नाही. गल्लीतल्या सगळ्यांत थोरल्या काकू अंगणात बसून मेथी निवडत होत्या. त्यांचंही लुगडं नऊवारीच, एक पाय दुमडलेला, पोटरी उघडी. "अगदी खरं लिहिलंस गं. लाजच राहिली नाही बायांना," म्हणाल्या आणि हात पुसून सही केली. मी त्यांच्या पोटरीकडं बघितलं, मग पेनाला टोपण लावलं.

अर्ज दुसऱ्या दिवशी आवक होऊन माझ्याच टेबलावर आला. त्यावर मी टिपणी लिहिली. 'अर्जातील मजकुरात तथ्य असल्याचे दिसून येते.' दिसून येते! फाइल हेडक्लार्कसाहेबांकडं गेली. साहेब निजामाच्या काळात नोकरीला लागलेले, पांढरी दाढी, डोक्यावर काळी टोपी, मला कायम बेटी म्हणायचे. त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा, पण अक्षर ओळखायला भाषा लागत नाही. त्यांनी अर्ज आणि टिपणी शेजारी शेजारी धरली. बराच वेळ बघितली. मग फाइल मिटून म्हणाले, "बेटी, दोनों कागज अच्छे लिखे."

एवढं बोलून सही केली आणि फाइल पुढं पाठवली. त्यांनी त्या दिवशी मला रागावायला हवं होतं असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. स्वतःचं पाप दुसऱ्याच्या चांगुलपणावर ढकलायची ही माझी जुनी खोड.

सभेत ठरावाला विरोध कोण करणार? बायकांच्या अब्रूचा प्रश्न म्हटल्यावर सगळे सदस्य ताठ बसले. सभेचं वृत्त लिहायला मी कोपऱ्यात होते, म्हणून तर आणखीच ताठ. फक्त एक म्हातारे सदस्य, शेतकरी माणूस, उठून म्हणाले, "आमच्या घरच्या बाया बी शेतात अशाच खोचून काम करत्यात. त्यांला बी नोटीस काढता का? अन् आपले गडी नुस्त्या चड्डीवर गटारीत उतरत्यात, त्यांचं काय?" सगळे हसले. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. ठराव एकमतानं पास झाला. त्यातली वाक्यरचना मला आजही पाठ आहे: महिला सफाई कामगारांनी कामावर असताना पाचवारी पातळ गोल नेसावे, निऱ्या घोट्यापर्यंत असाव्यात, काम करताना पातळ वर खोचू नये, नियम न पाळणाऱ्यांची त्या दिवसाची गैरहजेरी लावावी. पातळं पालिकेनं द्यायची.

पातळं आणायला हेडक्लार्कसाहेब आणि मी औरंगाबादला गेलो. गुलमंडीच्या एका दुकानात गठ्ठे उलगडून बघितले. साहेब म्हणाले, "बेटी, सूती देख. मेहनत का काम है." मी नायलॉनचं पसंत केलं. निळं, साधं, बारीक काठाचं. लवकर वाळतं, इस्त्री लागत नाही, दिसायला स्वच्छ. दुकानदारानं माझ्या निवडीची तारीफ केली आणि मी खुलले. परतीच्या एसटीत मी साहेबांना नायलॉनचे फायदे सांगत होते आणि ते खिडकीबाहेर बघत हं हं करत होते.

आता इथं जे चुकलं ते पुरुषांच्या ऑफिसात कुणाच्या लक्षात आलं नाही याचं मला नवल नाही. पण मी बाई होते. नऊवारीला आत परकर लागत नाही. ती कासोट्यावर, गाठीवर उभी राहते. आमच्या घरात दोरीवर रोज सासूबाईंचं लुगडं वाळायचं, त्यासोबत त्यांचा परकर कधी वाळला नाही. पाचवारी मात्र परकराशिवाय नेसताच येत नाही, आणि नायलॉनची तर मुळीच नाही. त्या बायांनी जन्मात परकर शिवला नव्हता. आम्ही त्यांना दोन दोन पातळं दिली, अंगठे घेतले, आणि परकराचा शब्द ठरावात कुठंच नव्हता. दिसू नये म्हणून केलेल्या नियमानं त्या बायांना आम्ही आरपार दिसणारं कापड दिलं. आणि आत काही नाही.

आठवड्याभरात चार-पाच जणी ऑफिसच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी कमरेला सुतळी बांधून तिच्यात निऱ्या कोंबल्या होत्या, कुणी आतून नवऱ्याचं धोतर गुंडाळलं होतं. बोलायला अर्थात तीच पुढं.

"बाई, ह्ये पातळ आमाला नको. लुगडं द्या, कसल्या बी कापडाचं द्या."

"नियम झालाय," मी म्हणाले.

"व्हय, मुकादम सांगतो. पर बघा की, आधी पाय भरत व्हते. पाय धुता येत्यात. ह्यो घोळ कसा धुवायचा? गटारीची घाण घोळात घेऊन घरी जावं लागतंय. घरात लेक रांगती माझी."

"घरी गेल्यावर बदलायचं."

"दुसरं हाय ते बी ह्येच." मग तिनं माझ्या टेबलाखाली माझ्या निऱ्यांकडं बघितलं. "अन् बाई, तुमी आतून काय घालता?"

तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं, म्हणजे त्या तसं काही शिवून घेतील. पण ऑफिसातली सगळी डोकी वर झाली आणि एक कारकून खोकल्यासारखं करून हसला. माझे कान तापले. "इथं असलं बोलायचं नाही," मी म्हणाले, आणि ते इतकं जोरात म्हणाले की त्या सगळ्या दोन पावलं मागं सरकल्या.

त्या गेल्यावर हेडक्लार्कसाहेब आपली खुर्ची सोडून माझ्या टेबलाशी आले. असं ते कधी करत नसत. हळू आवाजात म्हणाले, "अब्बी बी वखत है बेटी. नौवारी बी चलेगी, इत्ता एक कागज लिख दे. साब की सही मैं लातूं."

इत्ता एक कागज. मला तो लिहायला दहा मिनिटंही लागली नसती. पण ठराव पुन्हा उघडायचा म्हणजे अर्जदारांना बोलवावं लागणार, आणि काकू पहिल्याच वाक्याला सांगणार की आम्हाला काय माहीत, लिहून हीच घेऊन आली होती. मग का लिहिलं हा प्रश्न येणार. मी म्हणाले, "बघते साहेब." ते मान हलवून जागेवर गेले.

इकडं घरी काय फरक पडला म्हणाल, तर काहीही नाही. ती आता गोल साडीत यायची, घोळ चिखलात लोळायचा, आणि साडी गोल झाली म्हणून खिळ्यावरचा आरसा काही सरळ झाला नाही. उलट ओलं नायलॉन अंगाला चिकटलं की लुगड्यापेक्षा जास्तच दिसायचं. माझ्या हातानं मी काय करून ठेवलं हे मी रोज सकाळी चहा गाळताना खिडकीतून बघत होते.

तिनं परकर शिवला, पण कापड कुठलं असणार? बेकरीतून पांढरी मैद्याची पोती मिळतात, ती उसवून शिवला. त्यावर छापलेली अक्षरं धुऊनही जात नाहीत. एक दिवस स्टँडजवळची मोठी गटार तुंबली म्हणून सगळ्या बायांना तिथं लावलं होतं. मी ऑफिसला जात होते. ती मांडीभर पाण्यातून वर आली, गाडीकडं वळली, आणि समोरच्या हॉटेलच्या बाकड्यांवरनं हशा उसळला. भिजलेल्या नायलॉनमधून तिच्या पाठीमागं निळी अक्षरं स्पष्ट दिसत होती. चहा पिणाऱ्यांतला एक जण ती मोठ्यानं वाचत होता. "मैदा. उत्तम दर्जा." दुसऱ्यानं पुन्हा वाचलं. मग सगळे वाचायला लागले.

तिला वाचता येत नव्हतं. हे काय म्हणतायत ते तिला कळेना. तिनं मागं हात फिरवून बघितलं, काही चिकटलंय का म्हणून. मग सगळ्यांच्या नजरा कुठं आहेत ते तिला समजलं आणि तिनं हातातलं टोपलं मागं धरलं. मी पानाच्या टपरीआड उभी होते. माझ्या खांद्यावर शाल होती, सकाळची थंडी होती म्हणून घेतलेली. ती शाल काढून तिच्या अंगावर टाकायला दहा पावलं जायला हवं होतं. मी टपरीच्या मागच्या बाजूनं ऑफिसला गेले आणि वेळेत मस्टरवर सही केली.

ती तशीच टोपलं मागं धरून घरी गेली, लुगडं नेसून, कासोटा घालून परत आली आणि तुंबलेली गटार तिनं दुपारपर्यंत मोकळी केली. मुकादमानं नियमाप्रमाणं गैरहजेरी लावली. आधी दोनदा असंच झालं होतं, तिनं पातळ वर खोचलं होतं म्हणून. तिसऱ्या गैरहजेरीला कामावरून कमी करायचं, असं परिपत्रकात होतं. परिपत्रक कुणी लिहिलं होतं हे पुन्हा सांगायला नको. कामावरून कमी केल्याचा हुकूमही मीच लिहिला. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं. कायमची यादी त्यानंतर महिन्याभरात निघाली. तिच्या नावावर मी पट्टी ठेवून रेघ मारली.

पण यादी निघायच्या आधी, हुकूम मिळाल्यावरच्या रविवारी ती आमच्या घरी आली होती. हे ओट्यावर पेपर वाचत बसले होते, ती येताना दिसली तसे उठून आत गेले. ती मागच्या दारी आली. कागद तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पोटाशी धरला होता.

"बाई, एवढं वाचून दावा. मुकादम म्हणतो कामाला यिऊ नको. ह्यात काय लिवलंय?"

मी तिला माझंच लिहिलेलं वाचून दाखवलं. दारात उभी राहून, एकेक शब्द. ती लक्ष देऊन ऐकत होती. 'सबब आपणास कामावरून कमी करण्यात येत आहे' इथं आल्यावर म्हणाली, "म्हंजी काडलं."

"हो."

"ह्ये कुणी लिवलं?"

"साहेबांनी."

तिनं कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. "अक्षर ब्येस हाय साहेबाचं," ती म्हणाली. मला वाटलं तिला कळलं. पण तिच्या तोंडाकडं बघितल्यावर समजलं की तिला खरंच ते छान दिसलं होतं.

मग तिनं मला विनवणी केली की साहेबाला एक अर्ज लिहून द्या. समदी म्हणत्यात तुमी लई चांगलं लिवता. मी आत जाऊन कागद आणला आणि लिहिलं. मनापासून लिहिलं, हे मात्र खरं. चूक कबूल केली, ती तिच्या वतीनं. घरी लहान मुलगी आहे, दुसरा आधार नाही, यापुढं नियम पाळीन, एक वेळ माफी असावी. लिहिता लिहिता माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचं मला बरंही वाटलं. पेनातली शाई बोटानं तिच्या अंगठ्याला लावली. चार वर्षांत मी तिला पहिल्यांदाच शिवले. तिनं अंगठा उठवला आणि जाताना आमच्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला.

सोमवारी अर्ज आवक होऊन माझ्या टेबलावर आला. दिवसभर तो पेपरवेटखाली ठेवला. संध्याकाळी टिपणी लिहिली: 'ठरावातील तरतुदी पाहता अर्जदाराची विनंती मान्य करता येत नाही.' दुसरं काही लिहिता आलं नसतं असं नाही. 'सहानुभूतीने विचार व्हावा' एवढे तीन शब्द लिहिले असते तर मुख्याधिकाऱ्यांनी डोळे मिटून सही केली असती, ते माझं कधी वाचतच नसत. पण ती परत आली असती. रोज सकाळी आमच्या गल्लीत, आमच्या ओट्यासमोर. हेडक्लार्कसाहेबांनी ती टिपणी वाचली आणि फाइल स्वतःची सही न करताच मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते मला बाई म्हणत राहिले.

पंधराएक दिवसांनी ती ऑफिसात आली. दोन्ही निळी पातळं स्वच्छ धुऊन, घडी करून आणली होती. पालिकेचा माल आपल्याकडं राहायला नको, म्हणाली. मी ती मोजून घेतली, वहीत नोंद केली, तिचा अंगठा घेतला. आता पैठणकडं भावाच्या वस्तीवर जाणार होती. काम संपलं तरी ती उभीच राहिली.

"बाई, एक इचारू?"

"विचार."

"मुकादम म्हणत व्हता, कुण्या बाईनं अर्ज केला म्हणून ह्ये समदं झालं. कोण व्हती ती? कागदात नाव असंल की."

"कशाला पाहिजे तुला?"

"भांडाया नाय. माझं जायचं ते गेलं. नुस्तं तोंडानं म्हणली असती, बाई, माझ्या दारात जरा खाली सोडत जा, तर म्या सोडलं असतं की तिच्या दारापुरतं. एवढंच तिला सांगायचं व्हतं."

तो अर्ज ज्या फाइलीत होता ती फाइल माझ्या डाव्या कोपराखाली होती. हेडक्लार्कसाहेब चष्मा काढून पुसत होते.

"फाइल शोधावी लागेल," मी म्हणाले.

"शोधा. म्या भाईर बसते."

ती व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसली, दाराकडं तोंड करून. मी पाच वाजेपर्यंत मान वर केली नाही. पाच वाजले, सगळे उठले. कचऱ्याच्या गाड्या उभ्या असायच्या त्या बाजूला ऑफिसचं मागचं दार होतं. त्या दारानं मी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी टेबल पुसता पुसता शिपाई म्हणाला, "ती बाई दिवे लागेपर्यंत बसली व्हती. म्या सांगितलं, ऑफिस बंद झालं, समदे गेले. तर म्हणली, बाईंला काम लई असतंय, फाइल घावली नसंल, त्यांला म्हणावं उगं जिवाला लावून घिऊ नका."